डोंगर उभा कसा राहतो?

ठाकूरद्वारच्या नाक्यावर वाढलेल्या मुलाला ‘दरड कोसळली’ ही बातमी दूरची वाटते. दरड कोसळायची ती घाटात, कोकणात, नाहीतर एखाद्या डोंगरातल्या वाडीवर. गिरगावची जमीन तळहातासारखी सपाट. इथे पावसाळ्यात फार तर पाणी तुंबेल. पण याच नाक्यावरून चालत निघालात, तर वीस-पंचवीस मिनिटांत चौपाटी मागे टाकून तुम्ही मलबार हिलच्या पायथ्याशी पोचता. आणि तो डोंगरच आहे. त्यावर इमारती आणि बागा आहेत, त्याच्या पोटात पाण्याची मोठी टाकी आहे, त्याला रस्त्यांचे पट्टे बांधलेले आहेत, म्हणून आपण त्याला डोंगर म्हणायचे विसरतो इतकेच.

५ ऑगस्ट २०२० रोजी त्याने आपण डोंगर असल्याची आठवण करून दिली. त्या दिवशी मुंबईच्या दक्षिण भागात विलक्षण पाऊस झाला. ६ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत कुलाबा वेधशाळेने ३३१.८ मि.मी. पावसाची नोंद केली. वाऱ्याचे झोत ताशी १०० कि.मी.हूनही अधिक वेगाचे होते. त्या पावसात वरच्या अंगाचा बी. जी. खेर मार्ग आणि खालचा एन. एस. पाटकर मार्ग (जुन्या लोकांचा ह्यूजेस रोड) यांच्यामधला उतार केम्प्स कॉर्नरजवळ घसरला. उतार धरून ठेवणारी भिंत पडली आणि माती, दगड व झाडे खालच्या रस्त्यावर आली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

आता विद्यार्थी मित्रांनो, एक साधा प्रश्न विचारतो. हा उतार कित्येक वर्षे तिथेच उभा होता. त्या रात्री गुरुत्वाकर्षण वाढले नव्हते. उताराचा कोनही बदलला नव्हता. मातीही तीच होती. मग तो त्याच रात्री का घसरला? ‘पावसाने माती भुसभुशीत झाली’ असे वर्तमानपत्रे लिहितात. ‘पाणी वंगणाचे काम करते’ असे पुष्कळ शिक्षकही सांगतात. पहिले उत्तर अपुरे आहे आणि दुसरे बहुतांशी चूक आहे. खरे उत्तर तुमच्या नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रातच दडलेले आहे.

फळीवरची वही

एक गुळगुळीत नसलेली फळी घ्या, तिच्यावर वही ठेवा आणि फळीचे एक टोक सावकाश उचला. काही कोनापर्यंत वही हलत नाही, आणि मग एकदम घसरते. वहीच्या वजनाचे दोन घटक करा. एक फळीला समांतर असतो, तो वहीला खाली ओढतो. दुसरा फळीला लंब असतो, तो वहीला फळीवर दाबून धरतो. घर्षण या दुसऱ्या, म्हणजे दाबून धरणाऱ्या घटकाच्या जोरावर जगते. फळी जितकी तिरपी कराल तितका ओढणारा घटक वाढतो आणि दाबणारा घटतो. कोनाची टॅन्जंट घर्षण गुणांकाइतकी झाली की वही निघते.

या हिशेबात वहीचे वस्तुमान दोन्ही बाजूंना येते आणि छेदले जाते. म्हणजे एका वहीऐवजी पाच वह्या ठेवल्या तरी कोन तोच राहतो. हे करून पाहा. उतारावर जास्त वजन आले की तो घसरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण नुसते वजन सारखेपणाने वाढले, तर ओढणारे बल आणि धरणारे घर्षण दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. गुन्हेगार दुसराच आहे.

कोरड्या वाळूचा ढीग हा याच वहीचा भाऊ. चौपाटीवरची कोरडी वाळू मुठीतून सावकाश सोडा. शंकू तयार होतो. आणखी वाळू सोडली तर शंकू मोठा होतो, पण त्याच्या बाजूचा उतार बदलत नाही. या ठरावीक उताराला विराम-कोन म्हणतात. कोरड्या वाळूसाठी तो बहुधा ३० ते ३५ अंश असतो. आपल्या हिशेबासाठी आपण ३४ अंश धरू. त्याची टॅन्जंट सुमारे ०.६७ येते.

मग वाळूचा किल्ला उभा कसा राहतो, असे तुम्ही विचाराल. त्याच्या भिंती तर सरळ ९० अंशांत असतात! किल्ल्यासाठी आपण ओलसर वाळू घेतो. ओलसर वाळूत प्रत्येक दोन कणांच्या सांध्याशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब अडकलेला असतो. त्या थेंबाचे पृष्ठताण दोन्ही कणांना एकमेकांकडे ओढते. असे कोट्यवधी सांधे एकत्र आले की किल्ला उभा राहतो. थोडे पाणी मातीला बळकटी देते, हे ध्यानात ठेवा. म्हणूनच पाणी सरसकट वंगण आहे असे म्हणता येत नाही.

पण भरतीचे पाणी किल्ल्याच्या पायाशी आले की काय होते, ते तुम्ही पाहिलेच आहे. कणांमधल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की थेंबांचे वक्र पृष्ठभागच उरत नाहीत. पृष्ठच नाही तिथे पृष्ठताण कुठले? बुरूज बसतो. डोंगरावर मे महिन्यात उभी दिसणारी मातीची कापणी जुलैत ढासळते, त्यामागे हे एक कारण आहे. आणि हे दोहोंपैकी लहान कारण आहे.

आमटीची वाटी

मोठे कारण समजण्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ. ओल्या ओट्यावर किंवा नुकत्याच पुसलेल्या टेबलावर गरम आमटीने भरलेली स्टीलची वाटी ठेवली, तर कधीकधी ती कोणी हात न लावता सरकू लागते. घरातली लहान मुले घाबरतात. ही भुताटकी नव्हे. वाटीच्या बुडाला कड असते आणि कडेच्या आत थोडी पोकळी असते. ओल्या पृष्ठभागामुळे त्या पोकळीतली हवा आत कोंडली जाते. आमटीच्या उष्णतेने ती हवा तापते, पण तिला पसरायला जागा नसते, म्हणून तिचा दाब वाढतो. हा दाब वाटीला खालून वर उचलतो. वाटीचे वजन तेच राहते, पण त्यातला काही भाग आता हवेने पेललेला असतो, आणि ओट्यावर टेकलेला भाग तेवढा कमी होतो. घर्षण फक्त या टेकलेल्या भागावर अवलंबून असते. ते घटले की ओट्याला नावापुरता उतार असला तरी वाटी चालू लागते.

हवेच्या जागी पाणी आणि वाटीच्या जागी डोंगरउतारावरचा मातीचा थर ठेवा. दरड कोसळण्याचे भौतिकशास्त्र एवढेच आहे.

मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांना रंध्रे म्हणतात. पाऊस मुरत जातो आणि खाली कठीण, पाणी न सोडणाऱ्या थराशी अडतो. तिथून रंध्रे भरत वर येऊ लागतात. भरलेल्या रंध्रांतल्या पाण्याला दाब असतो, जसा विहिरीच्या तळाशी असतो. हा रंध्रदाब मातीच्या कणांना एकमेकांपासून दूर लोटतो, म्हणजेच वरच्या थराचा काही भार स्वतः पेलतो. कणाकणांत उरलेला दाब, ज्याला प्रभावी दाब म्हणतात, तेवढाच घर्षणाच्या कामाला येतो. ही गोष्ट गणिताने मांडणारा शास्त्रज्ञ कार्ल तेर्झागी. तो १८८३ साली प्रागमध्ये जन्मला. पहिल्या महायुद्धानंतर इस्तंबूलमध्ये शिकवत असताना त्याने मातीवर प्रयोग केले आणि १९२५ साली त्यावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. धरणे, पाये, बोगदे आणि दरडी यांचे आजचे सारे हिशेब त्या एका कल्पनेवर उभे आहेत.

आता आकडे घालून पाहू. पाण्याने भरलेली माती एक घनमीटरला ढोबळमानाने २ टन भरते, तर पाणी १ टन. समजा, उतारावर ३ मीटर जाडीचा मातीचा थर आहे आणि तो पृष्ठभागापर्यंत पाण्याने तुडुंब भरून पाणी उताराच्या दिशेने वाहत आहे. अशा वेळी थराच्या बुडाशी पाण्याचा दाब हा एकूण दाबाच्या निम्मा असतो. थराची जाडी काहीही घ्या, हे प्रमाण तेच येते, कारण ते फक्त २ आणि १ या घनतांवरून ठरते. म्हणजे दाबून धरणाऱ्या बलापैकी निम्मे पाण्याने काढून घेतले. पण खाली ओढणारे बल कमी झाले का? मुळीच नाही. उलट पाण्याच्या वजनाने ते वाढले. परिणाम असा की ०.६७ हा घर्षण गुणांक जणू ०.३३ झाला. ०.३३ ही टॅन्जंट कोणत्या कोनाची? सुमारे साडेअठरा अंशांची.

हा आकडा पुन्हा वाचा. कोरडी असताना ३४ अंशांच्या उतारावर टिकणारी माती पाण्याने भरली की साडेअठरा अंशांच्या उतारावरही टिकत नाही. दरम्यान मातीच्या कणांचा खडबडीतपणा बदललेला नाही. वंगण वगैरे काही नाही. २५ अंशांचा एखादा उतार माणसाच्या दहा पिढ्यांना ‘पक्का’ वाटू शकतो, आणि तरीही तो या दोन आकड्यांच्या मधेच उभा असतो.

(प्रत्यक्षात मातीत चिकणमातीचे कण असतात आणि झाडांची मुळे असतात. त्यांच्यामुळे थोडे अधिक बळ मिळते. नाहीतर सह्याद्रीचे कितीतरी उतार कधीच मोकळे झाले असते.)

डोंगराच्या पोटात

महाराष्ट्राचा बहुतेक डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहिलेला लाव्हा. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा खालचा भाग सहसा घट्ट काळ्या पत्थराचा असतो, तर वरचा भाग बुडबुड्यांच्या खुणांनी सच्छिद्र झालेला. दोन थरांच्या मधे पुष्कळ ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ पट्टा सापडतो. काळ्या पत्थराला भेगा असतात, त्यांतून पाणी उतरते आणि तांबड्या मातीच्या पट्ट्याशी अडते. मग ते आडवे सरकत डोंगराच्या बाजूने झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पावसाळ्यात घाटातून जाताना कड्यावर एका रेषेत झरे फुटलेले दिसतात, ती रेषा याचीच.

मुंबईत मधल्या थरांचा प्रकार थोडा वेगळा आहे. मलबार हिलपासून वरळीपर्यंतच्या रांगेत लाव्ह्याच्या थरांमध्ये जुन्या तळ्यांच्या गाळाचे खडक सापडतात. वरळीच्या अशा खडकांत इवल्याशा बेडकांचे जीवाश्म मिळाले, आणि ते जगभर प्रसिद्ध झाले. हे सारे थर समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे, थोडे कललेले आहेत. म्हणून चौपाटीकडची बाजू कड्यासारखी उभी आणि समुद्राकडची तुलनेने सौम्य. चौपाटीवर उभे राहून बाबुलनाथाकडे नजर टाका, म्हणजे पटेल.

मात्र घट्ट काळा पत्थर सहसा सगळाच्या सगळा घसरत नाही. घसरतो तो त्याच्यावरचा मुरूम, माती आणि माणसाने टाकलेला भराव. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे यांनी कुजत गेलेल्या खडकाचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. मुरूम कोरडा असताना पहारीला दाद देत नाही आणि भिजला की फावड्याने निघतो. त्यात डोंगरातला रस्ता कसा करतात ते पाहा. वरच्या अंगाला उतार खोदायचा, निघालेली माती खालच्या अंगाला टाकून सपाटी करायची. म्हणजे अर्धा रस्ता मूळ जमिनीवर आणि अर्धा भरावावर. वरचा उतार आणखी उभा झाला, आणि खालच्या उताराला नवे ओझे मिळाले. वहीच्या प्रयोगात वजन सारखेपणाने वाढवले तर बिघडत नव्हते. इथे ओझे माथ्यावर ठेवले आहे आणि पायथा खोदून काढला आहे. म्हणजे ढकलणारा वाढवला आणि अडवणारा काढला. घर बांधतानाही हेच होते. पायथा खोदून एक खोली वाढवली, माथ्यावर अंगण सारवले, सांडपाण्याचा पाईप तसाच उतारावर सोडून दिला. या तिन्ही गोष्टी भौतिकशास्त्राच्या दृष्टीने एकाच दिशेने काम करतात.

पावसाचाही हिशेब करून पाहा. १ मि.मी. पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. ३३१.८ मि.मी. म्हणजे ३३२ लिटर. एक गुंठा जागेवर साडेतेहतीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर भरून वर उरेल इतके. हे सगळे मुरत नाही. बरेच वाहून जाते, जायलाच हवे. पण गटार तुंबले असेल, वरच्या रस्त्याला भेग असेल, जमिनीतला नळ गळत असेल, तर वाहून जायचे पाणी आत जाते.

भिंतीची भोके

डोंगराच्या पायथ्याशी बांधलेली भिंत पाहिली की लोकांना हायसे वाटते. मला ती पाहिल्यावर आधी तिची भोके मोजावीशी वाटतात. जाणत्या मिस्त्रीने बांधलेल्या भिंतीत ठरावीक अंतरावर पाईपचे तुकडे बसवलेले असतात. त्यांना ‘वीप होल’ म्हणतात. भिंतीमागे खडीचा थर असतो, त्यातून पाणी भोकांपर्यंत येते आणि बाहेर पडते.

चार मीटर उंचीची भिंत घ्या. तिच्यामागे सपाट भरलेली कोरडी, रेताड माती असेल, तर ती भिंतीच्या दर मीटर लांबीला ढोबळमानाने ४ टनांइतक्या बलाने ढकलते. आता भोके बुजली आणि मागे वरपर्यंत पाणी साचले. तळाशी पाण्याचा दाब चौरस मीटरला ४ टन, माथ्याशी शून्य, सरासरी २ टन. गुणिले ४ चौरस मीटर, म्हणजे ८ टन नुसत्या पाण्याचे. मातीचे कण पाण्यात तरंगल्यासारखे हलके होतात, म्हणून त्यांचा ढकलण्याचा जोर घटून सव्वादोन टनांच्या आसपास येतो. तरी बेरीज १० टनांवर गेली. कोरड्या दिवसाच्या अडीचपट. शिवाय पाण्याचे बल उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे भिंत दुप्पट उंच केली की चौपट. भिंत उंच केली म्हणजे अधिक सुरक्षित झालो, ही समजूत किती घातक आहे ते यावरून दिसेल.

कोकणात नुसत्या दगडांवर दगड रचून केलेले गडगे पावसाळ्यामागून पावसाळे टिकतात. त्यांत चुना नाही, सिमेंट नाही. त्यांच्या फटी हीच त्यांची भोके. उलट हौसेने सिमेंटचा गिलावा करून गुळगुळीत केलेली भिंत एखाद्या जुलैत आडवी होते. घाण पाणी अंगणात येते म्हणून भोकांत चिंध्या कोंबणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांना दोष देण्यापेक्षा, त्या पाण्यासाठी खाली एक पन्हळ करून देणे सोपे आहे.

माळीण आणि इर्शाळवाडी

मलबार हिलचा उतार घसरला तेव्हा महापालिका होती, सल्ला द्यायला तज्ज्ञ होते आणि नवी भिंत बांधायला पैसा होता. सगळीकडे तसे नसते.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला जागेवर गावच दिसले नाही, आणि ही गोष्ट बाहेर कळली ती त्याच्याकडून. १५१ मृतदेह मिळाले. त्या भागात पडकई नावाची जुनी पद्धत आहे. उतार तोडून, बांध घालून भातासाठी खाचरे करायची. यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणामुळे दुर्घटना घडली का, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. आपल्या हिशेबाने पाहिले तर खाचर म्हणजे उतारावरची एक उथळ टाकी, वाहून जाणारे पाणी थांबवणारी. हाताने, थोडेथोडे आणि पाण्याला वाट ठेवून केलेले खाचर, आणि यंत्राने चार दिवसांत कापलेला उतार, या दोन गोष्टी मी एकाच मापाने मोजणार नाही.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मि.मी. पाऊस मोजला गेला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती गेली. तीन दिवसांत सुमारे ५०० मि.मी. पाऊस झाला होता. वाडीला रस्ता नव्हता. मदतीला गेलेली माणसे डोंगर चढून पायी पोचली, यंत्रे नेता आली नाहीत. २७ मृतदेह हाती लागले, आणि ५७ जण बेपत्ता असतानाच शोध थांबवावा लागला. माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळातल्या वायनाड जिल्ह्यात अडीचशेहून अधिक माणसे दरडीने घेतली. तारीख तीच, हा योगायोग. महिना तोच, हा योगायोग नव्हे. जून महिनाभर माती भिजत असते. जुलैत ती भरलेली असते, आणि मग पडणारा प्रत्येक मोठा पाऊस थेट रंध्रदाबात जमा होतो.

इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते. यावर संताप झाला, आणि तो साहजिक होता. पण यादी कशी होते तेही समजून घ्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने २०१४ साली देशभरातल्या दरडप्रवण भागांचे नकाशे १:५०,००० या प्रमाणावर करायला घेतले. या प्रमाणावर नकाशातला १ सें.मी. म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. शंभर मीटरची वाडी या नकाशावर २ मि.मी.ची होते, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. असा नकाशा कोणत्या डोंगररांगेवर लक्ष ठेवावे हे चांगले सांगतो. अमुक घरामागचा उतार घसरेल की नाही, हे तो सांगू शकत नाही आणि त्याने तसे कबूलही केलेले नाही. यादीत नाव असणे हा इशारा आहे. यादीत नाव नसणे हे प्रमाणपत्र नव्हे.

मुंबई शहरातही हे घडत आले आहे. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात टेकडीचा भाग झोपड्यांवर आला आणि साठांहून अधिक माणसे मेली. २६ जुलै २००५ ला साकीनाक्याला सत्तरहून अधिक. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३ मि.मी. एकाच शहरात! कुलाब्याचा आकडा पाहून साकीनाक्याच्या टेकडीबद्दल काहीच सांगता आले नसते. १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात घरे गाडली गेली, तेव्हाही मेलेल्यांची संख्या दोन्ही मिळून पंचवीसच्या वर होती. ही घरे तिथे का असतात, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाही. पण उत्तर सर्वांना ठाऊक आहे. सपाट जमिनीचे भाडे परवडत नाही, म्हणून माणूस उतारावर जातो. त्याला ‘तिथे राहूच नका’ असे सांगणे सोपे असते, सांगणाऱ्याला.

वेल्समध्ये २१ ऑक्टोबर १९६६ ला आबेरव्हान गावी कोळशाच्या खाणीतल्या टाकाऊ मालाचा डोंगर सकाळी सव्वानऊच्या सुमारास शाळेवर आला. १४४ बळी, त्यांत ११६ मुले. तो ढीग एका झऱ्यावर रचलेला होता, आणि झरा तिथे आहे हे गावाला माहीत होते.

खिळे आणि फूटपट्टी

तुमच्यापैकी कोणी घाटकोपर, मुंब्रा, महाड किंवा पोलादपूरकडे राहत असेल, किंवा तिथे तुमचे नातेवाईक असतील, तर पुढचे काम करण्यासारखे आहे.

कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून टोकाला लोखंडी नट लटकवा. कोनमापकाची सरळ कड उताराला समांतर धरा. दोरा ९० च्या खुणेपासून जितके अंश ढळला, तितका उतार. घरामागचा उतार १८ अंशांहून जास्त निघाला तर लगेच घाबरू नका. बहुतेक डोंगर तितके असतातच. मात्र त्याच्यावर पाणी कुठून येते आणि कुठून जाते, हे पावसात छत्री घेऊन एकदा नीट पाहा.

डोंगर सहसा अगदी न सांगता येत नाही. उताराच्या माथ्याशी कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी भेग पडते. दार अचानक चौकटीला घासू लागते. विजेचा खांब कलतो, भिंतीला पोट सुटते. कोरड्या जागी नवा झरा फुटतो, किंवा वर्षानुवर्षांचे स्वच्छ पाणी गढूळ होते. पाऊस जोरात असताना भिंतीच्या भोकांतले पाणी एकाएकी थांबते, ही खूण लोक सहसा चुकवतात. पाणी आले नाही याचा अर्थ ते आत साचते आहे.

भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब खिळा किंवा लोखंडी खुंटी पक्की ठोका. दोन डोक्यांमधले अंतर स्टीलच्या फूटपट्टीने मि.मी.मध्ये मोजा आणि वहीत तारीख-वेळ घालून लिहा. शेजारी सरळ बाजूंची, सपाट बुडाची बाटली तोंड कापून ठेवा. तिच्यात जितके मि.मी. पाणी साठेल तितका पाऊस. मोजून झाले की ती रिकामी करा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी दोन्ही आकडे लिहायचे. मोठा पाऊस असेल तर दिवसातून तीनदा.

आठवडाभरात आलेख काढता येईल. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर भेगेची रुंदी. रेषा आडवी राहिली तर नोंदी चालू ठेवा. ती वर चढू लागली तर वही घेऊन ग्रामपंचायतीत, तहसील कचेरीत किंवा महापालिकेच्या विभाग कार्यालयात जा. ‘आम्हाला भीती वाटते’ या अर्जापेक्षा ‘भेग चार दिवसांत ६ मि.मी.वरून १५ मि.मी. झाली, सोबत पावसाचे आकडे’ हा अर्ज बाजूला सारणे अवघड जाते. आणि वर चढणारी रेषा रोज अधिकाधिक उभी होऊ लागली, म्हणजे कालच्यापेक्षा आजची वाढ मोठी आणि आजच्यापेक्षा उद्याची, तर अर्ज लिहीत बसू नका. त्या रात्री शेजाऱ्यांना सोबत घेऊन डोंगरापासून लांब, शाळेत किंवा देवळात झोपायला जा. जाताना ओढ्याच्या पात्रातली वाट धरू नका, कारण घसरलेला चिखल त्याच वाटेने खाली येतो.